हाडांची जिवंत चौकट

प्रौढ माणसाच्या सांगाड्यात साधारणपणे 206 हाडे असतात. नवजात बाळाच्या शरीरात ही संख्या 270 ते 300 च्या घरात जाते, कारण पुढे एकजीव होणारी अनेक हाडे जन्माच्या वेळी सुटीसुटी असतात. 206 हा आकडाही प्रत्येकाला तंतोतंत लागू पडत नाही. एखाद्याला बरगडी जादा असते, एखाद्याच्या कण्यात मणका अधिक असतो, तर हातापायांच्या स्नायुबंधांत दडलेली बारीक हाडे कोणाला असतात, कोणाला नसतात.

मोजणी कशी करायची यावरही संख्या अवलंबून असते. चरकसंहितेत हाडांची संख्या 360 दिली आहे, तर सुश्रुतसंहितेत 300. दात आणि कूर्चा यांचीही हाडांतच गणना केल्यामुळे हे आकडे मोठे आहेत; चरकाने तर नखेही धरली आहेत. सुश्रुताने 210 सांधे सांगितले असून त्यांची हालणारे आणि न हालणारे अशी विभागणी केली आहे. मृतदेह गवतात गुंडाळून सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवावा, मग कुंचल्याने हळूहळू खरवडत आतली रचना पाहावी, अशी अभ्यासाची पद्धतही त्या ग्रंथात दिली आहे. युरोपात आंद्रेआस व्हेसालियस याने 1543 मध्ये शरीररचनेवरील आपला सचित्र ग्रंथ छापला आणि तिथून सांगाड्याच्या आधुनिक अभ्यासाला सुरुवात झाली.

हाड कशाचे बनते?

हाडात दोन मुख्य घटक असतात. कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे चिवट धागे आणि त्यांच्यात बसलेले कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक. वजनाच्या हिशेबाने सुमारे दोन तृतीयांश भाग क्षारांचा असतो. काँक्रीटमध्ये सिमेंट दाब सहन करते आणि सळई ताण सहन करते, तशीच ही वाटणी आहे: क्षार हाडाला कठीण करतात, कोलॅजेन त्याला तुटू देत नाही. कोंबडीच्या तंगडीचे हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले की क्षार विरघळतात आणि उरलेले हाड हाताने वाकवता येते. चितेवर याच्या उलट घडते. कोलॅजेन जळून जाते आणि क्षारांचा भाग मागे राहतो. म्हणून राखेतून वेचलेल्या अस्थींचा आकार ओळखू येतो, पण त्या बोटांनी दाबल्या तरी चुरतात.

हाडाची बाहेरची भिंत घट्ट असते. तिच्यातून सूक्ष्म नळ्या जातात आणि त्यांतून रक्तवाहिन्या व चेतातंतू. लांब हाडांच्या टोकांशी आणि मणक्यांच्या आत जाळीदार हाड असते. या रचनेमुळे वजन फार न वाढता मजबुती मिळते. हाडावर एक पातळ वेष्टन असते. त्यात वेदना जाणवणारे चेतातंतू दाट असतात, म्हणूनच नडगीला लागले की कळ मस्तकात जाते. आतल्या पोकळीत अस्थिमज्जा असते. प्रौढांमध्ये मणके, कटीची हाडे, बरगड्या, छातीचे हाड आणि कवटी यांतली लाल मज्जा रक्तपेशी तयार करते. रोज सुमारे 200 अब्ज तांबड्या पेशी तिथून रक्तात उतरतात.

शरीरातील 99 टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. उरलेला एक टक्का रक्तात आणि पेशींत असला, तरी हृदयाचे ठोके, स्नायूंचे आकुंचन आणि रक्त गोठणे त्याच्यावर अवलंबून असते. रक्तातली पातळी उतरली की गळ्यातील परावटू ग्रंथींचे संप्रेरक हाडांतून कॅल्शियम काढून घेते. आहारातून भरपाई झाली नाही, तर ही उचल वर्षानुवर्षे चालू राहते.

हाड सतत मोडले आणि बांधले जाते. एका प्रकारच्या पेशी जुने हाड विरघळवतात, दुसऱ्या प्रकारच्या पेशी त्या जागी नवे रचतात. या व्यवहारात दर वर्षी प्रौढ सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा बदलतो.

डोक्यापासून पायापर्यंत

सांगाड्याचे दोन भाग पडतात. कवटी, कणा आणि छातीचा पिंजरा मिळून मधला अक्ष होतो. त्यात 80 हाडे आहेत. हात, पाय आणि त्यांना धडाशी जोडणारी हाडे मिळून 126.

कवटीत 22 हाडे असतात: मेंदूभोवती 8 आणि चेहऱ्याची 14. त्यांतला फक्त खालचा जबडा हलतो. बाळाच्या कवटीची हाडे जन्माच्या वेळी जुळलेली नसतात. त्यामुळे प्रसूतीच्या वेळी ती किंचित एकमेकांवर सरकू शकतात आणि पुढे मेंदूच्या वाढीला जागा मिळते. हाडांच्या मधल्या मऊ जागेला टाळू म्हणतात. मागची टाळू दोन-तीन महिन्यांत, तर पुढची बहुधा दीड वर्षाच्या सुमारास भरते. टाळू खोल गेलेली दिसली तर शरीरातले पाणी कमी झाल्याची शंका येते. फुगलेली दिसली तर मेंदूभोवतीचा दाब वाढल्याची. दोन्ही वेळी बाळाला तातडीने डॉक्टरांकडे न्यावे लागते.

दोन्ही कानांत मिळून सहा हाडे असतात: हातोडी, ऐरण आणि रिकीब यांची प्रत्येकी एक जोडी. जेमतेम तीन मिलिमीटरची रिकीब हे शरीरातले सर्वांत लहान हाड. कानाच्या पडद्याची थरथर ही साखळी आतल्या कानापर्यंत पोहोचवते. जिभेच्या मुळाशी एक हाड आहे जे दुसऱ्या कोणत्याही हाडाला जोडलेले नाही. ते स्नायूंवर आणि अस्थिबंधांवर तोलून असते आणि गिळण्याला व बोलण्याला मदत करते.

कण्यात जन्मतः 33 मणके असतात: मानेचे 7, छातीच्या मागचे 12, कमरेचे 5, त्रिकास्थीचे 5 आणि माकडहाडाचे बहुधा 4. शेवटचे दोन गट एकत्र जुळून दोन हाडे होतात, म्हणून प्रौढात 26 उरतात. मानेत सात मणके ही रचना जवळजवळ सर्व सस्तन प्राण्यांत आढळते. जिराफाच्या मानेतही सातच असतात. होकारासाठी मान हलते ती मुख्यतः कवटी आणि पहिला मणका यांच्यामध्ये. नकारासाठी हलते ती पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यामध्ये. मणक्यांच्या मधल्या 23 चकत्या कण्याच्या लांबीचा सुमारे चौथा हिस्सा व्यापतात. दिवसभराच्या भाराने त्यांतले पाणी थोडे पिळून निघते, रात्री आडवे झाल्यावर परत भरते. त्यामुळे सकाळची उंची संध्याकाळपेक्षा एखाद-दोन सेंटिमीटर जास्त भरते. ‘गादी सरकली’ असे म्हटले जाते तेव्हा चकती जागची हललेली नसते. तिचे बाहेरचे कडे फाटून आतला मऊ गर बाहेर येतो आणि जवळच्या मज्जातंतूवर दाबतो.

बरगड्यांच्या 12 जोड्या स्त्री-पुरुषांत सारख्याच असतात. वरच्या सात जोड्या स्वतंत्रपणे छातीच्या हाडाला जुळतात, पुढच्या तीन वरच्या बरगडीच्या कूर्चेला, आणि शेवटच्या दोन पुढच्या बाजूने मोकळ्या राहतात. श्वास घेताना बरगड्या वर आणि बाहेर सरकतात, त्याने छातीची पोकळी वाढते.

हाताचा धडाशी असलेला हाडांचा दुवा एकच, तो म्हणजे गळपट्टीचे हाड. खांद्याचे फावडे स्नायूंनी पाठीला धरलेले असते. पसरलेल्या हातावर किंवा खांद्यावर पडले की सगळा धक्का गळपट्टीच्या हाडावर येतो, त्यामुळे ते वारंवार मोडते. दंडात एक हाड, कोपरापासून मनगटापर्यंत दोन, मनगटात आठ, तळहातात पाच आणि बोटांच्या पेरांत चौदा. तळहात पालथा करताना अंगठ्याच्या बाजूचे हाड करंगळीच्या बाजूच्या हाडावरून तिरके फिरते. कोपर आपटल्यावर उठणाऱ्या झिणझिण्या मात्र हाडातल्या नसतात. तिथे कातडीलगत जाणारा मज्जातंतू दाबला गेलेला असतो.

मांडीचे हाड शरीरातले सर्वांत लांब. त्याची लांबी उंचीच्या सुमारे पाव असते, त्यामुळे फक्त तेवढे हाड मिळाले तरी माणसाच्या उंचीचा अंदाज बांधता येतो. गुडघ्याची वाटी बाळात कूर्चेची असते. तिचे हाड होण्यास तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान सुरुवात होते. पावलात 26 हाडे असतात आणि ती कमानीत मांडलेली असल्यामुळे चालताना धक्का विभागला जातो. प्रत्येक हातात 27 आणि प्रत्येक पावलात 26, म्हणजे एकूण 106: निम्म्याहून अधिक हाडे मनगटांच्या आणि घोट्यांच्या पुढे आहेत.

सांधे

दोन हाडे जिथे भेटतात तो सांधा. मग तो हलो वा न हलो. कवटीची हाडे दातेरी शिवणींनी घट्ट जुळलेली असतात. मणके आणि जघनाची दोन हाडे यांच्यामध्ये कूर्चा असते, त्यामुळे तिथे थोडीच हालचाल होते. गरोदरपणात जघनाचा सांधा जरा सैल पडतो.

मोकळेपणी हालणाऱ्या सांध्यांची रचना वेगळी असते. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा, भोवती पिशवीसारखे आवरण, आवरणाच्या आतल्या अस्तरातून पाझरणारे वंगण आणि बाहेरून बांधून ठेवणारे अस्थिबंध. खांदा आणि खुबा हे उखळीचे सांधे. खांद्याची खळगी उथळ असल्यामुळे हात जवळजवळ सगळीकडे फिरतो, पण मोठ्या सांध्यांत खांदाच सर्वाधिक वेळा निखळतो. खुब्याची खळगी खोल आहे. तिथे फिरण्याची मुभा कमी, पण भार पेलण्याची क्षमता मोठी. कोपर आणि बोटांची पेरे हे बिजागरीचे सांधे. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमध्ये खिळीचा सांधा असतो. मनगटातली लहान हाडे एकमेकांवर सरकतात. अंगठ्याच्या मुळाशी खोगिराच्या आकाराचा सांधा आहे, त्यामुळे अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला टेकवता येतो. सुई धरण्यापासून लेखणी चालवण्यापर्यंतची बारीक कामे त्यावर चालतात.

गुडघा हा सर्वांत मोठा सांधा. तो बिजागरीसारखा वाकतो, शिवाय वाकलेल्या स्थितीत थोडा वळतोही. आत दोन अर्धचंद्राकृती गाद्या आणि एकमेकांना छेदणारे दोन अस्थिबंध असतात. कबड्डीत किंवा फुटबॉलमध्ये पाऊल जमिनीवर रोवलेले असताना शरीर गर्रकन वळले की पुढचा अस्थिबंध तुटतो. सपाट रस्त्यावर चालतानाही गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीन पट भार येतो. म्हणून वजनात थोडी घट झाली तरी गुडघ्याला मोठा आराम मिळतो.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. भार पडला की तिच्यातला द्रव दाबून बाहेर निघतो, भार उतरला की वंगण आत शोषले जाते आणि त्याबरोबर पोषण पोहोचते. हालचाल थांबली की हे पोषणही मंदावते.

बोटे मोडताना येणारा आवाज हाडावर हाड घासल्याचा नसतो. सांधा ताणला गेला की वंगणातला दाब एकदम घटतो आणि त्यात वायूचा बुडबुडा तयार होतो. बोटे मोडल्याने संधिवात होतो हा समज तपासण्यासाठी डोनाल्ड उंगर या अमेरिकी डॉक्टरने साठ वर्षे फक्त एकाच हाताची बोटे मोडली. दोन्ही हातांत काही फरक आढळला नाही. या खटाटोपाला 2009 मध्ये ‘इग नोबेल’ हे विनोदी पारितोषिक मिळाले.

वाढ आणि वापर

गर्भात सांगाड्याचा बराच भाग आधी कूर्चेचा बनतो आणि नंतर त्याचे हाड होते. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची वाढ-पट्टी असते. तिथे भर पडत जाते तोवर उंची वाढते. पौगंडावस्थेतील संप्रेरके या पट्ट्या बंद करतात. मुलींमध्ये हे मुलांपेक्षा आधी घडते. कोणत्या हाडाची पट्टी साधारण कोणत्या वयात मिटते हे माहीत असल्यामुळे क्ष-किरण चित्रावरून वयाचा अंदाज येतो. गळपट्टीच्या हाडाचे आतले टोक सर्वांत शेवटी, पंचविशीच्या आसपास जुळते. भारतात 2015 च्या बाल न्याय कायद्यातील कलम 94 नुसार शाळेचा किंवा जन्माचा दाखला नसेल तर अशी वैद्यकीय चाचणी करून वय ठरवता येते. मात्र या चाचणीतून नेमकी तारीख मिळत नाही. अंदाजात एक-दोन वर्षांचा फरक पडू शकतो.

वाढ थांबल्यावरही हाड आपला आकार कामानुसार बदलते. 1860 च्या दशकात झुरिकमध्ये हेरमान फॉन मायर यांनी मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा छेद घेऊन आतल्या जाळीचे चित्र काढले. कार्ल कुलमान या अभियंत्याला त्या जाळीच्या रेषा ताण आणि दाब वाहणाऱ्या रेषांशी जुळत असल्याचे दिसले. 1892 मध्ये जर्मन शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी त्यावरून नियम मांडला: हाडावर जसा भार येतो तशी त्याची बांधणी होते. टेनिसपटूंच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते. उलटपक्षी, अंतराळात वजन जाणवत नसल्यामुळे अंतराळवीरांच्या खुब्याच्या आणि कण्याच्या हाडांतून व्यायाम करूनही दरमहा एक टक्क्याच्या आसपास क्षार घटू शकतात. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या बाबतीतही हेच होते.

मोडणे आणि जुळणे

हाड मोडले की तिथे रक्त साकळते. काही दिवसांत त्यात नव्या पेशी शिरतात आणि दोन-तीन आठवड्यांत दोन्ही टोकांमध्ये मऊ कूर्चेचा सांधणारा गठ्ठा तयार होतो. त्याचे कठीण हाड होण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. पुढे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, त्यावर पुन्हा घडण चालते आणि जादा भाग झिजवला जातो. लहान मुलांत खूण उरत नाही इतके हाड पूर्ववत होते. प्लॅस्टर, पट्टी किंवा सळई हाड जुळवत नाही. तुकडे योग्य रेषेत स्थिर ठेवते. तंबाखू आणि धूम्रपानाने रक्तपुरवठा घटून जुळणी लांबते. मुलांचे हाड लवचिक असल्याने ते बरेचदा ओल्या फांदीसारखे एका बाजूने तडकते आणि दुसऱ्या बाजूने वाकते.

हाड जागचे हलणे म्हणजे सांधा निखळणे, आणि अस्थिबंध ताणला जाणे म्हणजे मुरगळणे. मुरगळल्याच्या सुजेखाली बारीक तडा लपलेला असू शकतो. म्हणून चोळणे किंवा ओढून बसवणे टाळून क्ष-किरण चित्र काढणे हिताचे.

झीज आणि आजार

सांगाड्यातील क्षारांचा साठा तिशीच्या सुमारास सर्वाधिक असतो. नंतर बांधणीपेक्षा मोड हळूहळू वरचढ ठरते. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटल्यामुळे पहिली काही वर्षे हा वेग वाढतो. हाडे ठिसूळ झाल्याचे पहिले लक्षण बहुधा मोडलेले हाडच असते: मनगट, मणका किंवा खुबा. म्हातारपणी पाठीला येणारा बाक अनेकदा दबलेल्या मणक्यांमुळे असतो.

ड जीवनसत्त्वाअभावी आतड्यातून कॅल्शियम नीट शोषले जात नाही. मुलांना मुडदूस होतो, पाय वाकतात; मोठ्यांची हाडे मऊ पडून दुखतात. त्वचेवर ऊन पडले की हे जीवनसत्त्व शरीरातच तयार होते, तरीही भारताच्या शहरांत त्याची कमतरता सर्रास आढळते. कॅल्शियमसाठी दूध, दही, तीळ आणि नाचणी हे सहज मिळणारे पदार्थ. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते.

पाण्यातून जादा फ्लोराइड पोटात गेले तर हाडे घट्ट पण ठिसूळ होतात आणि अस्थिबंध कडक होऊन कणा ताठरतो. भारतात या आजाराची नोंद 1937 मध्ये तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागातून झाली. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यांतील काही गावांच्या कूपनलिकांत हा प्रश्न आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असणे योग्य मानतात. दुसरा स्रोत नसेल तर कमाल मर्यादा 1.5.

सांध्यांच्या आजारांत दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. झिजेच्या संधिवातात कूर्चा पातळ होते, हाडाच्या कडेला टोके वाढतात आणि जिना चढता-उतरताना दुखते. आमवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर उलटते; तिथे सकाळी बोटे तासभर आखडलेली राहतात आणि लवकर औषध सुरू केले तर सांधे वाचतात. झिजेवर पहिला उपाय वजन उतरवणे आणि मांडीचे स्नायू बळकट करणे हाच. त्याने भागले नाही तर सांधेरोपण. जॉन चार्न्ली यांनी 1962 मध्ये इंग्लंडमध्ये धातूचा गोळा आणि पॉलिथिनची वाटी वापरून खुब्याचे रोपण यशस्वी केले. आजच्या शस्त्रक्रिया त्याच पायावर उभ्या आहेत. मांडी घालून किंवा उकिडवे बसण्याच्या सवयीमुळे भारतीय रुग्णांना गुडघा अधिक वाकवावा लागतो. ही गरज ओळखून पुण्याचे डॉ. कांतिलाल संचेती यांनी ‘इंडस’ हा कृत्रिम गुडघा विकसित केला. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली.

मागे उरलेली नोंद

मृत्यूनंतर शरीराचे मऊ भाग नाहीसे होतात, हाडे मात्र हजारो वर्षे टिकू शकतात. कटीच्या रुंदीवरून आणि कमानीवरून स्त्री की पुरुष हे बऱ्याच खात्रीने सांगता येते. वाढ-पट्ट्यांवरून आणि दातांवरून वय. जुळलेल्या खुणांवरून जुने अपघात. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने 1968 पासून केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगातील अनेक दफने सापडली. लहान मुलांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत घराच्या जमिनीखालीच पुरलेले होते, आणि बहुतेक प्रौढांची पावले घोट्याखाली तोडलेली होती. हा विधी सांगणारा कोणताही लेख नाही. तो कळला तो सांगाड्यांच्या मांडणीवरून. रोजच्या सवयीही हाडावर उमटतात. आयुष्यभर उकिडवे बसणाऱ्यांच्या नडगीच्या खालच्या टोकाला पुढच्या बाजूने एक छोटा जादा पृष्ठभाग तयार होतो, कारण तिथे घोट्याचे हाड वारंवार टेकते. अशी खूण दिसली की ती व्यक्ती कामाला किंवा विश्रांतीला कशी बसत असे याचा अंदाज अभ्यासकांना बांधता येतो.